गुण सारखे, मग पुढे कोण?

१८ मे २०२४, शनिवारची रात्र. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर शेवटची ओव्हर सुरू व्हायची होती आणि चेन्नई सुपर किंग्जला हव्या होत्या १७ धावा. जिंकायला नव्हे! जिंकायला तर ३५ हव्या होत्या. या १७ धावा हव्या होत्या त्या हरूनही पुढच्या फेरीत जाण्यासाठी. यश दयालच्या पहिल्याच चेंडूवर महेंद्रसिंग धोनीने षटकार ठोकला. दुसऱ्या चेंडूवर तो झेलबाद झाला. उरलेल्या चार चेंडूंत मिळून निघाली फक्त एक धाव. बंगळूरने सामना २७ धावांनी जिंकला. साखळीअखेर दोन्ही संघांचे गुण १४-१४ झाले आणि तरीही बंगळूर आत, चेन्नई बाहेर!

चिन्नास्वामीपासून जयनगर काही फार लांब नाही. ग्रीन लाइनच्या मेट्रोने मॅजेस्टिकला यायचं, तिथे पर्पल लाइन पकडायची आणि कब्बन पार्कला उतरायचं. ब्लॉकवार आखलेल्या, झाडांच्या सावलीतल्या या जुन्या वस्तीत नोकरी-धंद्यानिमित्त येऊन स्थिरावलेली मराठी घरंही आहेत. अशा घरात त्या रात्री पंचाईत होणं स्वाभाविकच होतं. मुलं इथे जन्मलेली, म्हणजे लाल जर्सीवाली. पण समोरच्या पिवळ्या संघाचा कप्तान पुण्याचा ऋतुराज गायकवाड आणि त्याच्या संघात मुंबईचे अजिंक्य रहाणे आणि शिवम दुबे. ऋतुराज तर पहिल्याच चेंडूवर बाद झाला. कोणासाठी टाळ्या वाजवायच्या आणि कोणासाठी हळहळायचं?

पण खरा प्रश्न पडतो तो क्रिकेट फारसं न पाहणाऱ्या घरातल्या एखाद्या आजीला. ‘‘दोघांना मार्क सारखेच मिळालेत ना? मग एकाला पास आणि दुसऱ्याला नापास कसं केलं?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराने आजवर अनेक संघांची वर्षभराची मेहनत पाण्यात घालवलीय आणि कित्येकांना लॉटरी लावलीय.

पॉइंटपुढचा हिशेब

२०२४च्या त्या मोसमात १४ गुणांवर दोन नव्हे, चार संघ थांबले होते : बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि लखनऊ. चौघांचेही विजय सात, पराभव सात. जागा मात्र एकच शिल्लक. तेव्हा मदतीला आला नेट रन रेट.

हा नेट रन रेट म्हणजे काय? संपूर्ण साखळीत संघाने एका ओव्हरमागे सरासरी किती धावा केल्या, त्यातून त्याच्याविरुद्ध एका ओव्हरमागे सरासरी किती धावा झाल्या त्या वजा करायच्या. उरेल तो नेट रन रेट. समजा, समोरच्या संघाने २० ओव्हरमध्ये १५० धावा केल्या. म्हणजे ओव्हरमागे साडेसात. तुमच्या संघाने त्या १५ ओव्हरमध्येच पार केल्या, तर तुमची गती ओव्हरमागे १०. फरक अडीचचा आणि तो तुमच्या खात्यात जमा. यात एक मेख आहे. संघ सर्व बाद झाला, तर तो किती ओव्हर खेळला हे बघत नाहीत, पूर्ण २० ओव्हर धरतात. १२ ओव्हरमध्ये १०० धावांत गुंडाळलेल्या संघाची गती आठच्या वर नव्हे, तर पाच मानली जाते. आडवेतिडवे फटके मारून लवकर बाद होणाऱ्याला बक्षीस कशाला?

त्या रात्रीचं गणित असं होतं. सामन्याआधी चेन्नईचा नेट रन रेट होता ०.५२८ आणि बंगळूरचा ०.३८७. बंगळूरने केल्या २१८ धावा. चेन्नईने २०१ गाठल्या असत्या, तर हरूनही ती किंचित वर राहिली असती. गाठल्या १९१. अखेरचा हिशेब झाला बंगळूर ०.४५९ आणि चेन्नई ०.३९२. पहिल्या आठ सामन्यांत एकच विजय मिळवणारा बंगळूरचा संघ ओळीने सहा सामने जिंकून वर आला, तो या बारीकशा फरकाने.

मग दोघांच्या आपसातल्या लढतीत कोण जिंकलं, हेच का नाही बघायचं? बघितलं असतं तरी पेच सुटला नसता. मोसमाचा पहिलाच सामना, २२ मार्चला चेन्नईत, चेन्नईने जिंकला होता आणि हा दुसरा बंगळूरने. तिथेही बरोबरीच!

विभागाचा राजा ठरवायचा कसा?

गुणांची बरोबरी हा प्रश्न आयपीएलने आणलेला नाही. जिथे संघ जास्त, दिवस कमी आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवणं अशक्य, तिथे विभाग पाडावे लागतात. विभाग आले की त्यांचे विजेते ठरवणं आलं, आणि विजेते ठरवायचे म्हटलं की बरोबरी सोडवणं आलंच.

आपल्या रणजी करंडकाचंच बघा. १९५७-५८च्या मोसमापासून विभागवार साखळी सुरू झाली. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र पश्चिम विभागात. म्हैसूर, मद्रास, हैदराबाद, आंध्र आणि केरळ दक्षिण विभागात. विदर्भ मात्र मध्य विभागात. एकाच महाराष्ट्राचे तीन संघ, पण दोन विभागांत वाटलेले! आधी प्रत्येक विभागाचा फक्त विजेता बाद फेरीत जात असे. १९७०-७१पासून पहिले दोन जाऊ लागले आणि १९९२-९३पासून पहिले तीन. २००२-०३मध्ये विभागवार पद्धत जाऊन एलिट आणि प्लेट असे गट आले.

रणजीत बरोबरी सोडवण्याचं सर्वांत जुनं आणि आजही वापरात असलेलं हत्यार म्हणजे पहिल्या डावातली आघाडी. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो वरचढ. साखळीत त्यामुळे जादा गुण मिळतात आणि बाद फेरीत तर थेट पुढचा दरवाजा उघडतो.

या नियमाची सर्वांत गाजलेली कहाणी बंगळूरचीच आहे. १९७३-७४चा मोसम. राज्याचं नाव नुकतंच म्हैसूरचं कर्नाटक झालं होतं. मार्च १९७४मध्ये उपांत्य सामन्यात समोर होती मुंबई, १९५८-५९पासून ओळीने १५ वेळा करंडक जिंकलेली! गुंडप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांच्या शतकांच्या जोरावर कर्नाटकने केल्या ३८५. सुनील गावसकरचा त्रिफळा प्रसन्नाने उडवला. अजित वाडेकर धावबाद झाला. मुंबईचा डाव आटोपला ३०७ धावांत. सामना अनिर्णित राहिला, पण ७८ धावांच्या त्या आघाडीने मुंबईची पंधरा वर्षांची सत्ता संपली. पुढे अंतिम सामन्यात राजस्थानला हरवून कर्नाटकने पहिल्यांदा करंडक जिंकला.

मुंबईच्या चाहत्यांना तेव्हा वाईट वाटलंच. पण नियम चुकीचा, अशी ओरड झाली नाही. का? कारण तो सर्वांना आधीपासून माहीत होता आणि मैदानावरच्या खेळातूनच त्याचं उत्तर मिळत होतं. हे दोन मुद्दे लक्षात ठेवायला हवेत. पुढच्या साऱ्या भांडणांचं मूळ त्यांच्यातच आहे.

तिघांचा गोफ

हा पेच किती गुंतू शकतो हे बघायचं, तर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलकडे वळावं लागेल. तिकडचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू घेऊन धावण्याचं. विद्यापीठांच्या संघांचे मोठमोठे समूह असतात, त्यांना म्हणतात कॉन्फरन्स. त्यातल्या बऱ्याच कॉन्फरन्सचे वर्षानुवर्षं दोन-दोन विभाग असत आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये अंतिम सामना होई. आपल्या पश्चिम आणि दक्षिण विभागासारखंच. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांमुळे टेक्सास, ओक्लाहोमा ही नावं आता मराठी घरांतही परकी राहिलेली नाहीत.

२००८ साली ‘बिग ट्वेल्व’ नावाच्या कॉन्फरन्सच्या दक्षिण विभागात काय झालं ते ऐका. टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं. टेक्सास टेकने टेक्सासला हरवलं ३९-३३ असं, तेही अगदी शेवटच्या क्षणी. आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. मोसम संपला तेव्हा कॉन्फरन्समध्ये तिघांचेही विजय सात आणि पराभव एक! आपसातली लढत बघायची तर कोणाची? अ ने ब ला हरवलं, ब ने क ला आणि क ने अ ला. दगड-कागद-कात्रीसारखं गोल फिरत राहायचं.

नियमावलीत अशा वेळी एकेक पायरी उतरत जायचं असतं. आधी तिघांची आपसातली कामगिरी, मग विभागातल्या संघांविरुद्धची, मग पुढची. इथे सगळ्याच पायऱ्यांवर तिघं सारखे निघाले. शेवटी निर्णय गेला राष्ट्रीय क्रमवारीवर. ही क्रमवारी अर्धीअधिक मतदानावर चालायची, बाकीचं संगणकावर. त्यात ओक्लाहोमा केसभर पुढे निघालं आणि अंतिम सामन्याला गेलं. टेक्सासवाल्यांचा संताप झाला. ‘‘समोरासमोर आम्ही त्यांना दहा गुणांनी हरवलं, तरी तेच पुढे?’’ यातलं गंमतीचं म्हणजे टेक्सास टेकनेही टेक्सासला हेच विचारलं असतं!

तिकडे गुणफरक का वापरत नाहीत, हा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो. त्याला कारण आहे. प्रत्येकाच्या वाट्याला येणारे प्रतिस्पर्धी सारख्या ताकदीचे नसतात. फरकाला किंमत दिली, की दुबळ्या संघाला जास्तीत जास्त चिरडण्याची शर्यत लागते. विद्यार्थ्यांच्या खेळात ते बरं दिसत नाही. म्हणूनच त्या राष्ट्रीय क्रमवारीतल्या संगणकांनाही २००२पासून विजयाचं अंतर मोजायला मनाई झाली होती. पुढे मोठ्या कॉन्फरन्सनी विभागच मोडीत काढले. ‘बिग टेन’ आणि ‘एसईसी’ यांनी २०२४मध्ये ते रद्द केले. आता सरळ पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात. पण एका कॉन्फरन्समध्ये सोळा-अठरा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडतच नाही. त्यामुळे बरोबरीचा गुंता सुटायच्या ऐवजी वाढलाच.

नियमच खेळ बिघडवतो तेव्हा

बरोबरीचा नियम हा मोसम संपल्यावर काढायचा हिशेब आहे, असा आपला समज असतो. तसं नाही. तो पहिल्या दिवसापासून खेळाडूंच्या डोक्यात असतो आणि त्यांच्या हातून काय काय करवून घेतो!

२४ मे १९७९. इंग्लंडमध्ये बेन्सन अँड हेजेस कप स्पर्धेत सॉमरसेटचा साखळीतला शेवटचा सामना वूस्टरशायरशी होता. गुण सारखे झाल्यास गोलंदाजांनी किती चेंडूंमागे बळी घेतला, ते बघायचं, असा नियम होता. त्यात सॉमरसेट पुढे होतं. धोका एकच, या सामन्यात गोलंदाजांचा मार खाल्ला तर! कप्तान ब्रायन रोझने शक्कल लढवली. एक ओव्हर खेळून, बिनबाद एक धाव असताना त्याने डावच सोडला. वूस्टरशायरने दहा चेंडूंत सामना जिंकला. सॉमरसेट हरलं, पण सरासरी शाबूत राहिली. नियमात बसणारी चाल होती, पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचं काय? क्रिकेट मंडळाने सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं आणि पुढे एकदिवसीय सामन्यात डाव सोडण्यालाच बंदी आली.

१९९९च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियानेही असंच काहीसं केलं. वेस्ट इंडिज ११० धावांत बाद झाल्यावर हे माफक लक्ष्य गाठायला ऑस्ट्रेलियाने ४०.४ ओव्हर घेतल्या. कारण? गटातून सोबत वर येणाऱ्या संघाविरुद्धचे गुण पुढच्या फेरीत जमेस धरले जाणार होते. ऑस्ट्रेलियाला न्यूझीलंडने हरवलं होतं, तेव्हा वर यावं ते वेस्ट इंडिजनेच. त्यासाठी त्यांचा नेट रन रेट फार घसरू द्यायचा नव्हता. न्यूझीलंडने स्कॉटलंडला झटपट हरवून हा बेत उधळला, ते सोडा. पण प्रेक्षकांनी पाहिलं ते क्रिकेट नव्हतं, हिशेब होता.

फुटबॉलच्या २०१८च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामनाही २-२ बरोबरीत. मग मोजली गेली पिवळी कार्डं! जपानची चार, सेनेगलची सहा. जपानला हे ठाऊक होतं. पोलंडविरुद्ध एका गोलने मागे असूनही शेवटची काही मिनिटं जपानचे खेळाडू आपसात चेंडू फिरवत राहिले. हरले आणि पुढे गेले.

सल राहतो तो कुठे?

२०१९च्या क्रिकेट विश्वचषकातही अशीच खंत राहिली. साखळीअखेर न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे गुण ११, विजयही पाच-पाच. आपसातल्या सामन्यात पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा विकेट राखून हरवलं होतं. पण नियम होता नेट रन रेटचा. पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजने पाकिस्तानला १०५ धावांत गुंडाळून १३.४ ओव्हरमध्ये सामना संपवला होता. ती जखम महिनाभर भरून आली नाही. न्यूझीलंड पुढे गेलं आणि उपांत्य सामन्यात त्याने कोणाला हरवलं, हे भारतीय वाचकाला सांगायची गरज नाही!

याच न्यूझीलंडवर अंतिम सामन्यात नियम उलटला. दोन्ही संघांच्या धावा २४१. सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या १५. मग मोजले चौकार-षटकार, इंग्लंडचे २६ आणि न्यूझीलंडचे १७. विश्वचषक इंग्लंडला! नियम आधीच लिहिलेला होता, हे खरं. पण पळून काढलेल्या धावेपेक्षा चौकाराचं मोल जास्त का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो बदलला. निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळत राहायचं, असं ठरलं.

म्हणजे नियम आधी जाहीर असणं पुरेसं नाही. तो ज्या गोष्टीला बक्षीस देतो, ती त्या खेळाचा गाभा असायला हवी. १९७४ची पहिल्या डावातली आघाडी लोकांनी मानली, २०१९चे चौकार मानले नाहीत, याचं कारण हेच.

आपल्या अंगणात

हे सगळं मोठ्या मैदानांपुरतं नाही. जयनगर असो की जळगाव, सुट्टीत सोसायटीच्या आवारात टेनिस बॉलच्या मॅचेस होतात, गणेशोत्सवात कॅरम आणि बॅडमिंटनच्या स्पर्धा होतात. तिथे वाद होतो तो बहुधा याच मुद्द्यावर. तीन संघांचे गुण सारखे झाले, की एकेकाचे काका-मामा नियम सांगायला पुढे येतात आणि प्रत्येकाच्या नियमाने त्याचाच भाचा जिंकतो!

यावर औषध सोपं आहे. पहिला सामना सुरू होण्याआधी फळ्यावर पायऱ्या लिहून टाका. आधी कोणाचे विजय जास्त ते बघा. मग आपसातला सामना. तिघं अडकले, तर त्या तिघांच्या आपसातल्या सामन्यांचाच छोटा तक्ता मांडा. तरीही सुटलं नाही, तर धावांचा किंवा गुणांचा फरक, पण त्याला मर्यादा घाला, म्हणजे लहान मुलांच्या संघाला कोणी पन्नास-पन्नास धावांनी तुडवणार नाही. त्यानंतर वेळ असेल तर एक छोटा जादा सामना. चिठ्ठी किंवा नाणेफेक अगदी शेवटी, कारण तिथे खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. आणि साखळीचे शेवटचे सामने जमलं तर एकाच वेळी लावा, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कोणी हिशेबाने हरणार नाही.

या फळ्यावरच्या चार ओळींनी मुलांना एक गोष्ट आपसूक कळते. शेवटच्या दिवशी नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या दिवशी आळसाने सोडलेल्या धावाही हिशेबात असतात. पाकिस्तानचा विश्वचषक पहिल्याच सामन्यातल्या पडझडीने हातचा गेला. उलट बंगळूरने आठपैकी सात सामने हरल्यावरही प्रत्येक धावेसाठी झगडणं सोडलं नाही, म्हणून त्या शेवटच्या ओव्हरला काही अर्थ उरला.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर? मार्क सारखे असले, तरी पेपर कसा तपासणार हे परीक्षेआधी सांगितलं होतं. पास-नापास त्यावरून ठरलं. तेवढं आधी सांगितलेलं असलं, की हरणाऱ्यालाही रात्री शांत झोप लागते.